पेढीवरची मंदी आणि घरातील मूल

१९८० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतजमिनीचे भाव कोसळले. चढ्या व्याजाने जमिनी घेतलेले शेतकरी कर्जात बुडाले आणि त्यांच्या गिऱ्हाइकीवर जगणारी गावोगावची दुकानेही ओस पडली. १९८९ पासून रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ४५१ कुटुंबांचा अभ्यास आरंभिला. प्रत्येक घरातून आई, वडील, सातवीतील मूल आणि त्याचे एक भावंड, असे चौघे त्यात होते.

पैशाची चणचण मुलापर्यंत पोहोचते ती प्रामुख्याने आईवडिलांच्या मनःस्थितीतून, असे त्यात दिसून आले. देणी थकली की आईवडील खचत, मग पतिपत्नींत खटके उडत, वागणुकीतील जिव्हाळा आटून तेथे कठोरपणा येई. आणि या सर्वांच्या शेवटी मूल उदास वा आक्रमक होई. जेथे पतिपत्नी परस्परांना सावरून धरीत, तेथे ही साखळी मध्येच सैल पडे.

व्यापारी कुटुंबास हे परके वाटू नये. नोकरदाराचा पगार ठरल्या तारखेस येतो. व्यापाऱ्याची उधारी मात्र कधी वसूल होईल याचा नेम नसतो. त्यातून खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असेल, तर गल्ल्यावरची चिंता जिना चढून थेट जेवणाच्या पाटावर येते. मुलाला ताळेबंद कळत नाही, पण शटर ओढल्याचा आवाज बरोबर कळतो.

संगोपनाच्या पद्धतींचे प्रसिद्ध वर्गीकरण बर्कले येथील डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात केले. केवळ हुकमत गाजवणारे, सर्व काही चालवून घेणारे, आणि नियम ठाम ठेवूनही कारण समजावून सांगणारे, असे पालकांचे तीन प्रकार त्यांनी मांडले. तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले अधिक संयमी व स्वावलंबी आढळली. मात्र ही पाहणी बव्हंशी मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांची होती. ज्या घरात वडील रागावतात आणि आजोबा खिशातून चॉकलेट काढतात, ते घर नेमके कोणत्या रकान्यात मांडावे?

ताणाखालचा पालक तर एकाच दिवसात दोन रकान्यांत वावरतो. सायंकाळी क्षुल्लक कारणावरून धपाटा घालतो; रात्री मन खाते म्हणून मागितलेला मोबाइल हाती देतो. ओरेगॉन येथील जेरल्ड पॅटरसन यांनी या चक्राचा बारकाईने वेध घेतला. मूल आकांत करते, थकलेला पालक नमते घेतो, आकांत थांबतो. दोघांनाही तात्पुरती सुटका लाभते आणि नेमकी हीच सुटका दोघांची सवय पक्की करते. दोष एकट्या पालकाचा नसतो. हट्टी मूलही पालकाचा ताण वाढवीत असते.

पॅटरसन यांच्या उपचारपद्धतीत मुलाआधी आईवडिलांनाच शिकवले जाई: नियम थोडेच, पण रोज तेच, शिक्षा लहान आणि न ओरडता, चांगले वागणे दिसताच त्याच क्षणी कौतुक. अशा शिकवणीनंतर अनेक घरांतील मुलांची आक्रमकता उतरलेली आढळली.