बोरिवलीच्या रानात एक दिवस

गेल्या बैठकीत हप्ते मोजून झाले आणि एक ताई म्हणाल्या, "पंचवीस वर्षं बोरिवलीत काढली, पण नॅशनल पार्कात पाय नाही ठेवला. पोरं शाळेतून जाऊन आली, मीच राहिले." मग आम्ही अकराजणी निघालो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे मुंबईच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल. तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव याच रानात. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा तो वार सोडून जा. स्टेशनच्या पूर्वेकडून फाटक चालत गाठता येतं.

फाटकापासून कान्हेरी लेणी सहाएक किलोमीटर. डांबरी रस्ता, पण चढाचा. आम्ही सकाळी लवकर निघालो. रोज एवढं चालतोच की आपण, पण हातात पिशवी नाही आणि कुणाची घाई नाही, असं चालायची सवयच नव्हती! चपला घालू नका, बूट घाला. आमच्यातली एक लेण्यांच्या पायरीवर घसरली, गुडघा फुटला. खाऊ बंद पिशवीत ठेवा, माकडं हातातून ओढतात.

आता बिबट्याचं. तो तिथे आहेच. खाली बसलेलं किंवा वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं, म्हणून झाडामागे आडोशाला बसायला जाऊ नका. फाटकाजवळच स्वच्छतागृहात जाऊन या. हे बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. दिसलाच तर पळू नका, मुलांना जवळ घ्या, उभ्यानेच हळूहळू मागे सरका. अंधार पडायच्या आत बाहेर या.

कान्हेरीला वेगळं तिकीट आहे. काळ्या दगडात कोरलेली शंभराहून जास्त बौद्ध लेणी, सुरुवातीची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. बहुतेक लेण्यांजवळ पावसाचं पाणी साठवायची टाकी खोदलेली, त्यांना पोढी म्हणतात. पाण्यासाठी रांगा लावणाऱ्या आम्ही तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबलो. भिंतींवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत भिक्षुणी आणि घरसंसारातल्या बायकाही आहेत. ते ऐकून आमच्या खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे हिशेब तेव्हाही लिहून ठेवायचे!"

पुढच्या वेळी शिलोंड्याची पायवाट. तिथे मनाने शिरायचं नाही, आधी वन विभागाची परवानगी काढून वाटाड्या घ्यायचा. सात नावं आलीत. तिघींचं घरी विचारायचं बाकी आहे.