चाकाचा एक स्टड

मोटारीचें चाक हबच्या स्टडांवर नुसतें टांगलेलें असतें, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. नट आवळला म्हणजे पोलादी स्टड किंचित् ताणला जातो व स्प्रिंगप्रमाणें चाकास हबवर दाबून धरितो. त्या दाबामुळें होणाऱ्या घर्षणानेंच चाक जागीं राहतें. स्टडचे आटे बिघडले असतां नट घट्ट लागल्यासारखा भासतो, परंतु हा ताण उत्पन्न होत नाहीं; मग शेजारच्या स्टडांवर अधिक भार पडून तेही कालांतरानें तुटूं लागतात.

आटे थोडे दबले असल्यास त्याच मापाची डाय फिरवून साफ करितां येतात. स्टड ताणला, वांकला किंवा तडकला असल्यास मात्र तो बदललाच पाहिजे. त्यास वेल्डिंग करूं नये. उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें. बहुतेक गाड्यांत जुना स्टड मागल्या बाजूस ठोकून काढितात व नवा मागूनच ओढून बसवितात.

तिरपा लागलेला नट पान्यानें रेटणें, हें आटे बिघडण्याचें एक मुख्य कारण होय. म्हणून नट प्रथम हातानेंच फिरवावा, नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीनें, गाडीस ठरवून दिलेल्या मापापर्यंत टॉर्क-पान्यानें आवळावे. आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस आम्ही इतकेंच सांगतों कीं, चार नट घट्ट आहेत म्हणून पांचव्याची उपेक्षा करूं नये.