फोरहँड : मनगटाचं खरं काम

पवनी तालुक्यातलं आसगाव काय किंवा वैनगंगेकाठच्या चौरास पट्ट्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, टेनिसचा चेंडू तिथल्या लहानग्या पोराच्याही ओळखीचा असतो. धान निघालं, बांध्या वाळल्या की स्टंप रोवले जातात आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने रंगू लागतात. चेंडू गावोगाव पोचला, रॅकेट मात्र शहरातच राहिली. म्हणून अशा गावातल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा रॅकेट येते, तेव्हा त्याचा हात क्रिकेटमध्ये तयार झालेला असतो. शाळेच्या भिंतीवर तो फोरहँड मारू लागतो, चेंडू भलतीकडे जातो आणि बाजूला उभं असलेलं कुणीतरी हमखास ओरडतं, ‘अरे, मनगट वापर!’

या सल्ल्याने बऱ्याच मुलांचा फोरहँड बिघडतो आणि काहींचं मनगट दुखावतं, असं माझं ठाम मत आहे. फोरहँडमध्ये मनगट लागतं, फार लागतं. पण त्याचं काम मागून येणाऱ्या ताकदीला वाट करून देण्याचं आहे. ताकद तयार होते पायांत, कमरेत आणि खांद्यात.

मनगटाच्या जादूवर आपला विश्वास बसावा, असे खेळाडू महाराष्ट्राने पाहिले आहेत. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर हे त्यातलं पहिलं नाव. आधी ते टेनिसच खेळत. १९५०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत त्यांना रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करावी लागली, आणि त्यांनी बॅडमिंटनची वाट धरली. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. ज्यांच्याकडून ते हरले, त्या कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. दोघेही नजाकतीचे खेळाडू. पुढे नाटेकरांचे चिरंजीव गौरव टेनिसकडे वळले आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई खेळांत त्यांनी लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं.

एकाच घरात हे दोन खेळ नांदले, म्हणून दोन्हीकडचा हात सारखाच चालतो असं मात्र नाही. शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास असतं आणि आजची बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमही भरत नाही. टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे शटलच्या दहापटीहून जड, आणि रॅकेट तारांसह साधारण ३०० ग्रॅमची. शटल हाताच्या झटक्याने उडतं. समोरून वेगाने आलेला टेनिसचा चेंडू नुसत्या झटक्याने परतवायला गेलं, तर तो रॅकेटलाच मागे ढकलतो आणि तो भार सांध्यावर येतो.

त्यातही आपण ज्याला मनगट फिरवणं म्हणतो, ते बरेचदा मनगटात घडतच नाही. हे आत्ता, अंक हातात असताना, करून पाहता येईल. उजवं कोपर टेबलावर टेकवा, डाव्या हाताने उजवं मनगट सगळीकडून घट्ट धरा आणि तळहात उताणा-पालथा करा. मनगट बांधल्यासारखं असूनही हात फिरतो. कोपराखाली दोन हाडं आहेत. अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं आणि तळहात पालथा होतो. खुद्द मनगटाला येतात त्या हालचाली वेगळ्या : पुढे दुमडणं, मागे वळणं, अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे झुकणं. आठ छोट्या हाडांच्या या सांध्याला दिशा सांभाळणं छान जमतं. मोठी ताकद निर्माण करणारे स्नायू त्याच्यापाशी नाहीत.

आता हात टेबलावरून उचलून कोपर बरगड्यांपाशी आणा, काटकोनात वाकवा आणि दंड जागच्या जागी फिरवून पंजा पोटाकडे घ्या. फटक्यात वेग देणारी एक मोठी हालचाल हीच. ती खांद्यात होते. छातीचे आणि पाठीचे रुंद स्नायू दंडाला आतल्या बाजूला फिरवतात, आणि हाताच्या दुसऱ्या टोकाला रॅकेट काचेवरच्या वायपरसारखी फिरलेली दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, काय मनगट फिरवलं! फिरलेला असतो दंड.

पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले ब्रूस एलियट आणि त्यांचे सहकारी यांनी या हालचालींचा अभ्यास बरीच वर्षं केला. १९८९ मध्ये त्यांनी फोरहँड मारण्याच्या दोन तऱ्हांची तुलना प्रसिद्ध केली. एका तऱ्हेत खांद्यापासून रॅकेटपर्यंत हात एकसंध दांड्यासारखा फिरतो. दुसरीत दंड, कोपराखालचा हात आणि पंजा आपापल्या पाळीने फिरतात. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या हाताच्या रॅकेटचं टोक अधिक वेगवान निघालं. नंतरच्या अभ्यासांत त्यांनी कोणत्या भागाचा वाटा किती हेही मोजलं, आणि दंडाचं आतल्या बाजूला फिरणं तिथे ठळकपणे पुढे आलं.

धानाची पेंढी फळीवर आपटून झोडणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. जोर पायांतून आणि कमरेतून निघतो, खांदे वळतात, हात पुढे येतात, आणि लोंब्यांचा भाग मागे रेंगाळून सगळ्यात शेवटी, सगळ्यात जोरात फळीवर येतो. मुठी पेंढीला फक्त धरून असतात. मुठीच आपटायला गेलं तर दाणा सुटत नाही आणि हात तेवढे भरून येतात.

फोरहँडमध्ये रेंगाळते ती रॅकेट. कंबर आणि खांदे चेंडूकडे वळू लागतात, हात पुढे निघतो, पण रॅकेटचं डोकं आपल्या जडपणामुळे क्षणभर मागेच राहतं. त्या ओढीने मनगट आपोआप मागे वळतं आणि कोपराखालचे, मूठ मिटणारे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू परत येताना जोर देतो. मनगट मुद्दाम मागे वळवून आवळून धरलं, तर हा ताण मिळत नाही. आधीच पुढे दुमडलं, तर मिळालेला वाया जातो. चांगल्या खेळाडूचं संथगती चित्रण नीट पाहा : चेंडू तारांना लागतो त्या क्षणीही त्याचं मनगट थोडं मागे वळलेलंच असतं. ते पुढे येतं, ते बहुतेक चेंडू सुटून गेल्यावर.

चेंडूला तारांवर नेमका किती वेळ मिळतो? ४ ते ५ मिलिसेकंद. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी टेनिसच्या अशा अनेक गोष्टींचं गणित खेळाडूंना समजेल अशा भाषेत मांडलं. त्या चार-पाच मिलिसेकंदांत वेगवान रॅकेटही जेमतेम दहा सेंटीमीटर पुढे सरकते. डोळ्याने पाहून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे चेंडू लागल्याचं मेंदूला कळेपर्यंत तो केव्हाच जाळ्याकडे निघालेला असतो. ‘चेंडू लागताना मनगट फिरव’ ही सूचना माणसाच्या शरीराला पाळताच येत नाही. पाळायचा प्रयत्न करणारा मनगट आधीच फिरवतो, आणि तारांचा कोन बिघडतो.

जुने प्रशिक्षक मनगट घट्ट ठेवायला सांगत, त्यालाही त्यांच्या काळात आधार होता. लाकडी रॅकेटचं डोकं लहान आणि वजन जास्त. चेंडूला खालून वर घासायला जावं तर तो लाकडावरच आदळायचा. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांची मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट आली, पुढे ग्रॅफाइट आलं. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेनने पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच ओपन जिंकलं आणि त्या तारांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. या गुळगुळीत, ताठ तारा चेंडूबरोबर बाजूला सरकतात आणि झटकन जागेवर येताना त्याला जादा फिरकी देतात. जॉन यँडेल यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या मोजणीत सॅम्प्रस आणि अगासी यांच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी १,८०० ते १,९०० फेऱ्यांच्या घरात होती. नदालची ३,२०० च्या आसपास भरली. इतका फिरणारा चेंडू जाळ्यावरून उंच जाऊनही रेषेच्या आत उतरतो. म्हणूनच आजचा खेळाडू एवढ्या ताकदीने बिनधास्त मारू शकतो.

या फिरकीसाठी पकड बदलली, आणि दुखण्याची जागाही बदलली. रॅकेटच्या मुठीला आठ कडा असतात. तर्जनीच्या मुळाचं हाड यातल्या कुठल्या कडेवर टेकतं, यावरून पकड ठरते. ईस्टर्न पकडीत तळहात मुठीच्या मागे असतो, हस्तांदोलन केल्यासारखा. सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्नमध्ये तो क्रमाने खाली सरकतो. तसा चेंडू शरीराच्या जास्त पुढे आणि उंचावर घ्यावा लागतो. इटलीतल्या संशोधकांनी २००९ साली हौशी टेनिसपटूंच्या मनगटाच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईस्टर्न पकडीच्या खेळाडूंमध्ये अंगठ्याकडची बाजू दुखावलेली आढळली, तर सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्न पकडीच्या खेळाडूंमध्ये करंगळीकडची. करंगळीकडच्या बाजूला मनगटाला आधार देणारी कंडरा एका खोबणीतून सरकते, आणि फिरकीच्या फटक्यात तिच्यावर फार ताण येतो.

मोठ्या खेळाडूंचंही हे दुखणं मोठं आहे. २००९ची अमेरिकन स्पर्धा जिंकणाऱ्या हुआन मार्टिन देल पोत्रोच्या उजव्या मनगटावर पुढच्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि नंतर डाव्यावरही कराव्या लागल्या. २०२० चा अमेरिकन विजेता डॉमिनिक थीम याचं उजवं मनगट २०२१ मध्ये दुखावलं. तो पूर्वीच्या जागी पुन्हा पोचला नाही आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. असा फोरहँड पुन्हा पाहायला मिळणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घरोघरी पोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. २००४ मध्ये त्याचं डावं कोपर दुखू लागलं आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. या दुखण्याचं वैद्यकीय वर्णन रुंगे नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये केलं, तेही लिहिणाऱ्या हाताच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला काही वर्षांनी, १८८० च्या दशकात चिकटलं. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंचं मूळ कोपराच्या बाहेरच्या हाडावर असतं. घट्ट मूठ आणि मनगटाची तीच ती हालचाल यांनी ते झिजतं. त्यामुळे हे दुखणं होणाऱ्या बहुतेकांनी कधी रॅकेट धरलेलीही नसते. दिवसभर विळ्याने कापणी करणाऱ्या बाईचं कोपर त्याच जागी ठणकतं, फक्त तिच्या दुखण्याला कुणी खेळाचं नाव देत नाही.

मराठी मुलांना हा खेळ जमतो की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझो आशियाई खेळांत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी पुण्याच्या एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत मानस धामणे हा अवघ्या पंधरा वर्षांचा मुलगा खेळला. प्रश्न आहे तो पुण्या-मुंबईबाहेरच्या मुलाच्या हाताला पहिले धडे कसे मिळतात याचा.

त्यासाठी भिंत पुरेशी आहे. सुरुवात पायांनी आणि खांद्यांनी करावी : चेंडू येताच डावा हात रॅकेटवर ठेवूनच खांदे वळवायचे, म्हणजे हात एकटा मागे जात नाही. मूठ इतपतच आवळावी की कुणी हलकेच ओढली तर रॅकेट हातात फिरेल. आधी सावकाश मारावं, आणि चेंडू नेहमी शरीराच्या पुढेच भेटावा. मनगटाचं नावही काढू नये, ते बरोबर वेळी आपोआप सैल पडतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत हळू चेंडू सक्तीचे केले आहेत : लाल सर्वांत संथ, मग नारिंगी, मग हिरवा. ते कमी उसळतात, त्यामुळे मुलाला डोक्याच्या उंचीवर मारण्यासाठी हात वेडावाकडा वळवावा लागत नाही. लाल चेंडू गावात मिळाला नाही, तर लव गेलेला, हवा कमी झालेला जुना साधा चेंडूही चालतो. क्रिकेटसाठी विकला जाणारा जड टेनिस चेंडू मात्र रॅकेटने भिंतीवर मारायला मुलांना देऊ नये. त्याचा सगळा भार कोवळ्या मनगटावर येतो.