सहलीत 'जुनं गाव' दाखवताना



कोल्हापूरला शाळेची सहल निघाली की अंबाबाई, पन्हाळ्यासोबत कणेरी मठाचं नाव येतंच. तिथल्या सिद्धगिरी मठाने जुन्या गावाचे संग्रहालय उभारले आहे. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. कुंभार चाकावर, लोहार भात्याजवळ. आता हा माणूस बोलेल, असंच मुलांना वाटतं.

अशी गावे इतर देशांतही आहेत. रशियात स्वीर नदीकाठचे मांद्रोगी हे गाव दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. 1996 पासून ते जुन्या धर्तीच्या लाकडी घरांसह पुन्हा उभारले गेले. बोटीने येणाऱ्या पर्यटकांसमोर तिथे कारागीर मात्र्योश्का बाहुल्या रंगवतात, मातीची भांडी घडवतात.

कणेरीत मुलांना काय सांगायचं? पहिली गोष्ट म्हणजे बलुतं. सुतार-लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारे करून देत. मोबदला रोख नसे. सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. तोच बलुतं.

दुसरी गोष्ट पुतळे सांगत नाहीत, ती आपणच सांगायची. कोणी कोणतं काम करायचं, हे आवडीवर नाही, जन्मावर ठरत असे. सर्वांचा पाणवठाही एक नव्हता. ज्याच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, असं मूल आपल्याच वर्गात बसलेलं असतं. "जुनं गाव किती छान होतं!" एवढंच बोलून आपण पुढे सरकलो, तर त्या मुलाची गोष्ट राहूनच जाते. कारागिराच्या हातातलं कसब मोठं होतं आणि व्यवस्था अन्यायाची होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सहावी-सातवीच्या मुलांना त्या नीट कळतात.

सहलीआधी एक करून बघा. मुलांना आपल्याच गावातल्या कारागिराकडे न्या. ऊसतोडीला निघण्याआधी कोयत्याला धार लावून देणारा लोहार, संक्रांतीची सुगडं करणारा कुंभार आपल्याकडे अजून भेटतो. मुलांनी त्यांना तीन प्रश्न विचारावेत : हे काम कोणाकडून शिकलात? माती किंवा लोखंड कुठून आणता? तुमची मुलं हेच काम करणार का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी वहीत जसंच्या तसं लिहावं. मग कणेरीतल्या कुंभाराच्या पुतळ्यासमोर उभं राहून ते वाचायला सांगा. चर्चा आपोआप सुरू होईल.