रूप एक, गाणी पाच

पावसाळा सरताना पुण्यातल्या वेताळ टेकडीवर अंधार पडला की जी किरकिर सुरू होते, ती सगळीच रातकिड्यांची नसते. लांब मिशांचे नाकतोडेही त्यात सूर लावतात. महाराष्ट्रासह भारतात दूरवर आढळणारा मेकोपोडा इलाँगाटा हा त्यांतला मोठा गवई. कुणी हिरवा, कुणी वाळक्या पानासारखा तपकिरी. दिवसा झुडपात बसला की शोधूनही सापडत नाही. लिनीअसने त्याला १७५८ मध्येच नाव दिले.

गातो तो नर. त्याच्या डाव्या पंखाखाली दातेरी शीर असते. ती उजव्या पंखाच्या कडेवर घासली की आवाज उठतो. कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. मादीच्या पोटाच्या टोकाला तलवारीसारखा अवयव असतो. तो मातीत खुपसून ती अंडी घालते.

२००६ मध्ये विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी दक्षिण भारतातल्या मेकोपोडांबद्दल एक विलक्षण गोष्ट मांडली. दिसायला हुबेहूब असलेले हे नाकतोडे चक्क पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी गातात! एका गाण्याचे नाव ‘ट्रेन’, दुसऱ्याचे ‘हेलिकॉप्टर’. टाचणीला लावलेल्या नमुन्यात हा भेद दिसणे शक्यच नाही. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे; अशा संग्रहांत कीटकाशेजारी त्याचे गाणेही जपले जावे, असे मला मनापासून वाटते.

गाणाऱ्याचा ठावठिकाणा शत्रूलाही कळतो, म्हणून नराचाच जीव जास्त धोक्यात, असे कुणालाही वाटेल. पण पश्चिम घाटात वटवाघळांच्या विसाव्याच्या जागी पडलेले नाकतोड्यांचे पंख तपासले, तेव्हा माद्यांचे पंख अधिक निघाले. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मादी गप्प असते खरी, पण नराच्या शोधात तिला उडावे लागते, आणि वटवाघूळ नेमके तिथेच तिला गाठते.

पुण्यातल्या टेकड्यांवरून रस्ता न्यायचा विषय निघाला की झाडांचा हिशोब मांडला जातो. रात्रीच्या या गवयांचाही मांडायला हवा, आणि त्याची सुरुवात मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणानेही करता येईल. या नाकतोड्यांच्या गाण्याचा काही भाग माणसाच्या कानापलीकडचा असतो, त्याला वेगळा मायक्रोफोन लागतो. बाकीचे मोबाइल टिपतो. नोंदीत जागा, तारीख, वेळ लिहावी आणि तापमान विसरू नये, कारण हवा उबदार असली की गाण्याची लय वाढते.