क्रीडासंग्रहालय : वस्तू, स्मृती आणि पुरावा

इतिहासाची बहुतेक साधने टिकाऊ असतात. शिलालेख दगडावर राहतो. नाणे जमिनीत गाडले गेले तरी शतकांनंतर हाती लागते. खेळाचे तसे नाही. धावपटूची धाव अंतिम रेषेपाशी संपते आणि कुस्तीतील डाव प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागताच नाहीसा होतो. मागे उरतात त्या काही वस्तू, काही कागद आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी. तेव्हा क्रीडासंग्रहालय म्हणजे वस्तुतः खेळाचे नव्हे, तर खेळ संपल्यानंतर उरलेल्या वस्तूंचे संग्रहालय होय. यातूनच एक प्रश्न उद्भवतो. ज्या खेळांच्या वा ज्या खेळाडूंच्या वस्तू उरल्या नाहीत, त्यांचे इतिहासात स्थान कोणते? संग्रहालयास भेट देणाऱ्या अभ्यासकाने हा प्रश्न बरोबर घेऊनच आत पाऊल टाकले पाहिजे.

पनवेल येथील विद्यार्थ्यास या प्रश्नाची पडताळणी करण्याची सोय अनायासे लाभलेली आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० साली वाहतुकीस खुला झाल्यापासून पनवेल हे मुंबई आणि पुणे यांना जोडणाऱ्या मार्गावरील महत्त्वाचे ठाणे राहिले. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी खाडीतून नावेने पनवेलास उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. आज या मार्गाच्या दोन्ही टोकांस क्रिकेटची संग्रहालये आहेत. पुण्यास सहकारनगर भागात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे एका माजी क्रिकेटपटूच्या खासगी संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय २०१२ साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते सुरू झाले. तर मुंबईच्या वानखेडे मैदानावर मुंबई क्रिकेट असोसिएशनचे संग्रहालय २०२५ साली अस्तित्वात आले.

संग्रहालयातील क्रीडावस्तूंचे मोल कशाने ठरते, हे समजण्यासाठी प्रथम एक सर्वपरिचित उदाहरण घेणे इष्ट ठरेल. लंडन येथील लॉर्ड्स मैदानावरील संग्रहालयात ‘ॲशेस’ या नावाने ओळखले जाणारे एक मातीचे पात्र आहे. त्याची उंची सुमारे ११ सेंटिमीटर. १८८२ साली ऑस्ट्रेलियाने ओव्हल मैदानावर इंग्लंडचा पराभव केला, तेव्हा एका इंग्रजी पत्राने इंग्लिश क्रिकेटचा उपरोधिक मृत्युलेख छापला. त्यानंतरच्या दौऱ्यात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय यास हे पात्र गमतीदाखल भेट मिळाले आणि १९२७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते मेरिलिबोन क्रिकेट क्लबकडे आले. मालिका कोणीही जिंको, मूळ पात्र लॉर्ड्सवरच राहते. बाजारात ज्याची किंमत कवडीची, अशी ही मातीची वस्तू एका परंपरेचे प्रतीक ठरली, याचे कारण तिच्या द्रव्यात नाही. ती कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिली आणि तेथून पुढे ती कोणाकोणाच्या हाती गेली, याची अखंड हकीकत उपलब्ध आहे, हेच ते कारण होय.

पुण्याच्या संग्रहालयातील स्वाक्षरीयुक्त बॅटींकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. स्वाक्षरी असलेली बॅट आणि सामन्यात वापरलेली बॅट या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली खेळाडूच्या कीर्तीची साक्ष देते. दुसरी त्याच्या खेळाची. वापरलेल्या बॅटीच्या पात्यावर चेंडूचे वण उमटलेले असतात, मुठीची वीण झिजलेली असते, आणि त्यावरून फटक्यांचा रोख काही अंशी अनुमानिता येतो. कोरी बॅट कितीही थोर हातांनी अंकित झालेली असली तरी खेळाविषयी ती फारसे बोलत नाही. मात्र संग्राहक आणि चाहते यांच्यातील नाते, तसेच खेळाडूस समाजाने दिलेले स्थान, यांच्या अभ्यासास तीही उपयुक्त ठरते. सारांश, कोणतीही वस्तू निरर्थक नसते. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, एवढेच ठरवावे लागते.

आता उलट बाजू पाहू गेल्यास पुण्यातच एक उद्बोधक उदाहरण सापडते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या युरोपीय क्लबात ते मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते आणि सरावाच्या वेळी इंग्रज फलंदाजांस गोलंदाजी करीत. त्यांचे कौशल्य पाहून हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले. परंतु चहाच्या वेळी सहकारी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत असता बाळूंस तो बाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून मिळे. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात अखिल भारतीय संघातर्फे शंभराहून अधिक बळी मिळविले. योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले.

येथे दोन मृत्तिकापात्रे अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. लॉर्ड्सचे पात्र काचेआड जपले गेले. पुण्याचे पात्र त्याच दिवशी फुटून मातीस मिळाले. भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात दुसऱ्या पात्राचे महत्त्व पहिल्याहून तिळभरही उणे नाही. परंतु ते टाकून देण्यासाठीच घडविले होते. किंबहुना त्याचे टाकून दिले जाणे हाच त्याचा अर्थ होता. अशी वस्तू कोणतेही संग्रहालय मांडू शकत नाही. ती लिखित वृत्तान्तातूनच पुनः उभी करावी लागते. संग्रहालयातील रिकामी जागा हाही एक पुरावा असतो, तो या अर्थाने.

ऑलिम्पिकच्या इतिहासात हेच अधिक तीव्रतेने जाणवते. भारताने संघ म्हणून ऑलिम्पिकमध्ये प्रथम भाग घेतला तो १९२० साली अँटवर्प येथे, आणि त्याचा उगम पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील क्रीडास्पर्धांत शेतकरी तरुणांस अनवाणी धावताना पाहिले. शास्त्रशुद्ध शिक्षण नसतानाही त्यांची वेळ युरोपीय धावपटूंच्या तोडीची आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून चार धावपटू आणि दोन मल्ल यांचे पथक पाठविण्यात आले. बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. आज स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९९३ साली उघडलेल्या ऑलिम्पिक संग्रहालयात विजेत्यांची पादत्राणे प्रेक्षकांस दाखविली जातात. पण जो अनवाणी धावला, त्याचे कोणते पादत्राण मांडावयाचे? साधनसंपन्न खेळ आपोआप वस्तू मागे ठेवतात. मोकळ्या अंगाने आणि उघड्या पायांनी खेळला जाणारा खेळ तशा ठेवीत नाही. संग्रहालयांत क्रिकेटचे प्राबल्य दिसते, त्यास लोकप्रियतेखेरीज हेही एक कारण आहे.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण याहून बोलके आहे. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ साली जन्मलेल्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. महाराष्ट्रातील तालमीची कुस्ती तांबड्या मातीच्या हौद्यात खेळली जाते. या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखतात. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र गादीवर होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबांस या बदलास सामोरे जावे लागले आणि ते सहावे आले. हेलसिंकीच्या प्रवासाचा खर्च उभा राहिला तो लोकवर्गणीतून. त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यासाठी आपले घर गहाण टाकले. म्हणजे या पदकाचा संपूर्ण इतिहास सांगावयाचा तर पदकाशेजारी वर्गणीची यादी आणि गहाणखत यांनाही स्थान असावयास हवे. पदक विजय सांगते. गहाणखत त्या विजयाची किंमत सांगते.

जतनाच्या अभावी काय घडते, याचीही उदाहरणे दूरची नाहीत. हॉकीपटू बलबीरसिंग यांनी १९८५ साली एका प्रस्तावित राष्ट्रीय क्रीडासंग्रहालयासाठी आपली पदके, छायाचित्रे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील कर्णधाराचा कोट स्वाधीन केला. संग्रहालय उभे राहिले नाही. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने विचारणा झाली तेव्हा त्या वस्तूंचा ठावठिकाणा लागत नव्हता. खुद्द खाशाबांच्या पदकाविषयी २०१७ साली अशी वार्ता आली की, गोळेश्वर येथे घोषित झालेली कुस्ती अकादमी प्रत्यक्षात न आल्याने कुटुंबीय ते लिलावात काढण्याच्या विचारात आहेत. दोन्ही प्रसंगांचा बोध एकच. भावनेच्या आधारावर वस्तू टिकत नाहीत. त्यांस दाखल-नोंदवही, पोचपावती आणि उत्तरदायी अभिरक्षक लागतो.

यावरून क्रीडासंग्रहालयाच्या भेटीत अभ्यासकाने विचारावयाचे प्रश्न निश्चित करता येतात. ही वस्तू प्रत्यक्ष खेळात वापरलेली आहे काय? ती येथवर कोणाकडून आणि कोणत्या मार्गाने आली? परिचयपट्टीवर काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे? स्त्रिया, श्रमिक, मैदानाची निगा राखणारे सेवक, प्रशिक्षक यांचा उल्लेख कोठे येतो? आणि शेवटी, या दालनात जे नाही ते का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे संग्रहालयाच्या नोंदींत मिळतात. उरलेल्यांसाठी वृत्तपत्रे, संस्थांचे अहवाल आणि मौखिक साक्ष यांकडे वळावे लागते.

हे काम पुणे-मुंबईसच करावे लागते असे नाही. पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८४५ साली जन्मलेल्या या क्रांतिकारकाने पुण्यास लहूजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शारीरिक शिक्षण घेतले, ही गोष्ट राजकीय इतिहासाचे विद्यार्थी जाणतात. व्यायामसंस्कृतीच्या इतिहासाचा दुवा म्हणून तिच्याकडे सहसा पाहिले जात नाही. गावोगावच्या तालमींच्या हजेरीवह्या, जत्रेतील कुस्त्यांची हस्तपत्रके, इनामांच्या याद्या, कबड्डी संघांची पिवळी पडलेली छायाचित्रे आजही घरांतील पेट्यांत आणि मंदिरांच्या माळ्यांवर सापडू शकतात. प्रत्येक छायाचित्रामागे व्यक्तींची नावे, स्थळ आणि साल लिहून घेणे, वृद्ध वस्तादांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे आणि मूळ वस्तू मालकाकडेच ठेवून तिची प्रतिमा विभागाच्या संग्रही नोंदविणे, एवढे कार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. छायाचित्रातील चेहरे ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच ते करता येईल. त्यानंतर छायाचित्र उरेल, परंतु त्याचा पुरावा म्हणून उपयोग उरणार नाही.