विश्लेषण : ऊसतोड मजुरांचा मालक नेमका कोण? दरवाढीनंतरही हा प्रश्न का उरतो?

दिवाळी सरत आली की बीड जिल्ह्यासह अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिवच्या कोरडवाहू भागातली गावे रिकामी होऊ लागतात. घरी उरतात ती म्हातारी माणसे. बाकीचे बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊसतोडीला जाते. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या आठ ते बारा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज वेगवेगळ्या पातळ्यांवर मांडला जातो. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली. हा करार तीन हंगामांपुरता, म्हणजे २०२५-२६ पर्यंतचा आहे. त्यामुळे पुढच्या दराची चर्चा ओघानेच येते. मात्र संघटनांची मागणी आता फक्त दरवाढीपुरती उरलेली नाही.

मजुरी ठरते कशी?

ऊसतोडीत मोजमापाचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मजुरी दिवसाची नसते, ती तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे, हे सगळे त्यात येते.

हा दर मजूर संघटना आणि राज्य सहकारी साखर कारखाना संघ यांच्यातील कराराने ठरतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांतून ही पद्धत रुळली. वाद चिघळला की लवाद बसतो. शरद पवार आणि आधी गोपीनाथ मुंडे, नंतर पंकजा मुंडे यांनी ही जबाबदारी सांभाळली. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन दर टनाला सुमारे २७३ रुपये झाला. पुढे ‘कोयता बंद’चे हत्यार उपसल्यानंतर तो ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही १९ वरून २० टक्के झाले.

मग उचल का फिटत नाही?

हंगामाआधी मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ती कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी आणि मागची देणी यांत ती गावीच संपते. त्यानंतरची मजुरी हातात न येता उचलीत वळती होते.

हिशेब साधा आहे. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ३६६ च्या दराने ७३२ रुपये होतात. पहाटेपासून राबणाऱ्या दोघांची ही कमाई, म्हणजे माणशी ३६६ रुपये. एक लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर हे १३७ दिवसांचे काम झाले. हंगाम शंभर दिवसांतच आटोपला तर ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. किराण्यासाठी मुकादमाकडून घेतलेली ‘खर्ची’ वेगळी. आजारपणाने काम बुडाले तर ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली जाते आणि मजूर त्याच मुकादमाशी बांधला जातो.

कारखाना जबाबदारी का घेत नाही?

खरा पेच इथे आहे. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. अनेक ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र तोडणी-वाहतूक संस्था असते. ठेकेदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम टोळी आणतो. मजूर आणि कारखाना यांच्यात कागद नसतो. ऊस कारखान्याचा, फड कोणता तोडायचा हे ठरवणार कारखान्याचा शेतकी विभाग, पण अपघात झाला की मजूर मुकादमाचा.

शेतकऱ्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. केंद्र सरकार उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे ‘एफआरपी’ जाहीर करते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. महाराष्ट्रात कारखाने तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला देतात. त्यामुळे तोडणी दर वाढला की भार शेतकऱ्याच्या बिलावर येतो. शिवाय ऊस वेळेत तुटावा म्हणून ‘खुशाली’चे पैसे द्यावे लागतात, ही त्याची तक्रार वेगळीच. परिणामी शेतकरी आणि मजूर एकमेकांसमोर उभे राहतात.

वाहतूकदारांचेही म्हणणे आहे. एकाच टोळीने दोघा-तिघांकडून उचल घेऊन कामावर न येण्याचे प्रकार घडतात. व्यवहार रोखीचा आणि विनानोंदीचा असल्याने फसवणूक दोन्ही बाजूंनी होते.

महिलांचा प्रश्न वेगळा कसा?

कोयत्यातली निम्मी मेहनत बाईची असते, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर लागतो. मजूर म्हणून तिची स्वतंत्र नोंद नसते. फडाशेजारच्या कोप्यांवर शौचालय नाही, पाण्याची सोय नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही.

याचे टोक २०१९ मध्ये समोर आले. बीड जिल्ह्यात कमी वयातच गर्भाशय काढलेल्या महिलांचे प्रमाण चर्चेत आल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेत जनहित याचिका दाखल करून घेतली. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना महिलांची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद व्हावी, अशी मागणी करत आहेत.

सरकारने आतापर्यंत काय केले?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी तरतूद आहे. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मात्र मुलांना गावी ठेवण्याची खात्रीची सोय नसेल, तर ती आईबापांसोबत फडावर जातात आणि शाळा मध्येच सुटते.

दुसरीकडे तोडणी यंत्रांसाठी ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना सरकारने आणली. मजुरांची टंचाई हे त्यामागचे कारण सांगितले जाते. यंत्राला टनामागे जास्त दर मिळतो, मग तेच काम हाताने करणाऱ्याला कमी का, असा संघटनांचा सवाल आहे.

कायदा काय म्हणतो?

उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला जखडून ठेवणे हे वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ नुसार गुन्हा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच स्पष्ट केले. शेजारच्या गुजरातमध्ये ऊसतोडीचा किमान दर सरकार अधिसूचनेने ठरवते आणि तो २३८ वरून ४७६ रुपये करण्यात आला. नंदुरबार, डांगचे आदिवासी मजूर तिथल्या कारखान्यांवर जातात. तिथेही अंमलबजावणीचे वाद आहेत, पण दर मोडला तर दाद मागायला कायद्याचा आधार असतो. महाराष्ट्रात दराचा मुख्य आधार सामंजस्याचा करारच आहे.

पुढे काय?

संघटनांच्या मागण्यांचा गाभा तीन गोष्टींत आहे. प्रत्येक मजुराची, महिलेसह, स्वतंत्र नोंदणी आणि ओळखपत्र. उचल आणि मजुरीचा व्यवहार बँक खात्यातून. आणि मुख्य नियोक्ता म्हणून कारखान्याची कायदेशीर जबाबदारी. पहिल्या दोन गोष्टी प्रशासनाने मनावर घेतल्या तर हंगाम सुरू होण्याआधी होऊ शकतात. तिसरीसाठी मात्र राजकीय इच्छाशक्ती लागेल, कारण राज्यातील अनेक कारखाने राजकीय नेत्यांच्याच ताब्यात आहेत. तोवर दर कितीही वाढला, तरी फडात पाय मोडलेल्या मजुराचा दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा याचे उत्तर मुकादमाच्या मर्जीवरच राहणार आहे. बहुतेक वेळा तो खर्चही पुढच्या उचलीत मांडला जातो.